तांदळात लिहिलेलं नाव

१० फेब्रुवारी
डायलिसिस सेंटरची दुपारची पाळी बंद! श्रीपादला आठवड्यातून तीनदा लागतं, आता दोनदाच मिळणार. मशिनं आहेत, वीज आहे, नर्स नाही. म्हणजे आहे — शेजारच्या सुमनताईंची सून निशिगंधा — पण कागदावर नाही.

११ फेब्रुवारी
निशिगंधा येऊन बसली. तिची नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावाने, रुपाली. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, पुढे आधारवरही तेच गेलं. नोंदणीची मुदत संपली. नूतनीकरणाला दोन्ही नावं जुळत नाहीत. "काकू, मॅनेजर म्हणतो, नोंदणी नाही तर मशिनला हात लावायचा नाही." त्याचं बरोबर आहे, म्हणून जास्त चीड येते.

१७ फेब्रुवारी
तिच्यासोबत नोंदणीच्या ऑफिसात गेले. खिडकीतला इसम म्हणतो, "मॅडम, रुपाली कोण, निशिगंधा कोण, आम्ही कसं ओळखायचं?" म्हटलं, समोर उभी आहे, विचारा की! "तसं नसतं. राजपत्रात नाव छापून आणा."
आमच्या शाळेतल्या नन्सनीही नावं बदलली होती. त्यांनी शिकवलेला भूगोल कुणी रद्द केला नाही.

२ मार्च
सुमनताईंना त्यांच्या दारातच गाठलं. मेथी निवडत होत्या. म्हटलं, तांदळावर हौस भागवलीत, आता निस्तरा.
"आमच्यात रीतच हाय ती, बाई. माझंबी बदललंच की."
आधी काय होतं?
त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "सोजर. लई दिसांनी कुणी इचारलं."
भांडायचं राहूनच गेलं.

९ मार्च
राजपत्र झालं. आता लग्नाचा दाखला हवा. लग्न गावाकडच्या मांडवात, हजार माणसं जेवली. दाखला काढायचं एकालाही सुचलं नाही.

१५ मार्च
श्रीपादचे पाय सुजलेत. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहतो. चाकणला डायलिसिसची एक जागा मिळाली होती. ट्रकांच्या रांगेतून पोचेपर्यंत त्याची वेळ दुसऱ्याला दिलेली. परतताना मी सबंध रस्ताभर सरकारचा उद्धार केला. तो म्हणाला, "शुभदा, तू नोंदणीचं बघ. मी कुठे पळतोय?"

२२ मार्च
डॉक्टरांनी मोजून दिलेल्यापेक्षा त्याला आणखी दोन घोट पाणी हवं होतं. मी नाही म्हटलं.

२१ एप्रिल
दाखला झाला, नोंदणी आली. दुपारची पाळी सुरू झाली. निशिगंधा कामावरून थेट इकडे आली, चपलाही न काढता दारातच उभी राहिली. "काकू, काकांचा बेड आज दुसऱ्या पेशंटला दिला."
बरं केलंस, म्हटलं. तेराव्याला मीच तिला सांगितलं होतं, तो रिकामा ठेवू नका.