माझ्या नावाचा तोतया

सोमवार, सायंकाळ

मी, उद्धव झिपरू पाटील, वय एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, लग्नगीते गाणारा, राहणार तालुका शहादा, सत्य तेच लिहितो.

कोणा नीच माणसाने फेसबुकवर माझे नाव व छायाचित्र लावून खोटे खाते उघडले आहे. नातवाच्या लग्नातील माझे गाणे त्याने काल त्यावर टाकले. धाकटा भाऊ भिका जाऊन अद्याप तेरावा झालेला नाही, आणि मी गुलाबी फेटा बांधून गात आहे! गावाने हेच पाहिले.

भिकाच्या पत्नीने सकाळी आमच्या घरचा चहा परत पाठविला. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. ती सून होऊन आली तेव्हापासून रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. मग खुलासा करावा तरी कसा? शेवटी तिच्या दाराबाहेर उभा राहून मी माझ्या पत्नीला म्हणालो, "तिला सांग, तो फेटा जुना आहे. खाते माझे नाही."

दाराआडून उत्तर आले, तेही पत्नीलाच. "जिजी, त्यास्ले सांगा, गानं जुनं शे हाई माले समजनं. ढोलकी मन्हा मालकस्नी शे. मंग त्यास्नं नाव का बरं नही टाकं?"

म्हणजे राग गुलाबी फेट्याचा नव्हताच. त्या गाण्यावर ढोलकी भिकानेच वाजविली होती. त्या हरामखोराने माझे नाव चोरले आणि भिकाचे पुसून टाकले.

माझी सून तेथेच फोनवर खोट्या खात्याची तक्रार लिहीत होती. तिला मोठ्याने म्हणालो, "माझे नंतर. ढोलकी भिका झिपरू पाटील यांची, हे आधी लिही."

समक्ष हजर: पत्नी सखूबाई, सून वैशाली, आणि दाराआड भिकाची पत्नी, जिने त्यानंतर आमचा चहा घेतला.