चौथं उत्तर

व्हरमाँट, मे २०२०

प्रिय पोरी मॅरियन,

"चर्च बंद होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी आईला प्रभुभोजनाचा प्याला मिळाला होता ना? एवढं कळलं तरी धीर येईल," असं तू विचारलंस. माझी तीन उत्तरं फाडून झाली.

साथ आली म्हणून पाद्रीबाईंनी त्या दिवशी बजावलं होतं, लोकांना फक्त भाकर द्यायची, प्याला नाही. आपल्या एपिस्कोपल चर्चात प्याल्यात उरलेला पवित्र द्राक्षारस ओतून देत नाहीत, म्हणून सगळे गेल्यावर नेहमीसारखा मीच तो पीत होतो. तेवढ्यात तुझी आई वेदीपाशी आली.

"ऑरिन, चाळीस वर्षं तुझ्या हातून घेतला. आज तशीच घरी धाडतोस होय रे, मेल्या? एकच घोट!"

मी कड पुसली, प्याला थोडा फिरवला आणि दिला.

"आता कसं!" म्हणत ती हसली.

मला दोन दिवसांपासून खोकला होता. पाद्रीबाईंना मी धुळीचा म्हणून सांगितलं होतं.

पंधरा दिवसांत ती गेली. तिचा दफनविधीही तुला पडद्यावरच पाहावा लागला.

नुसतं 'हो' लिहून पाठवलं, तर तू माझे आभार मानशील. ते मला सोसायचं नाही.

तिला प्याला देणारा,
ऑरिन