कुंकवाखालचे वॅट
शनिवार, संध्याकाळ. कामठा.

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण गेम सुरू केला की पंखे घुमतात आणि कॉम्प्युटर फटकन बंद. चारदा झालं. शेवटी पॉवर सप्लायच्या लेबलवरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. खाली साडेचारशे वॅट! मी साडेसहाशे धरून बसलो होतो. एवढ्यावर हे कार्ड चालणारच नाही.

मागवायच्या आधी का नाही पुसलं? दर दसऱ्याला मी कॅबिनेट उघडून धूळ झाडतो, आई आत कुंकू लावते. तिनं लावलेलं पुसायचं कसं, म्हणून आकड्याला हातच लावला नाही. मूर्ख.

गोंदियाचा दुकानदार म्हणतो, "भैया, खुला माल वापस नहीं होता." जुनं कार्ड परवाच मावसभावाला देऊन टाकलं.

सहाला पुण्याच्या हॉस्टेलवाल्या मित्रांचा फोन. महिनाभर मीच फुशारक्या मारल्या होत्या, कार्ड येऊ द्या, मग बघा. "आलास का गेममध्ये?"

बोटं अजून कुंकवानं लाल. म्हणालो, "गावात लाइट गेली रे."

दारातून बाबा म्हणाले, "काऊन खोटं बोलून राहिला रे? लाइट तं हाये."

फोन स्पीकरवर होता.