आधी इंधन, मग स्विच

१४ मार्च, शनिवार
रेसची गाडी पळवायची भीती नाही मला. थांबवायची आहे! पाव मैल साडेपाच सेकंदांत — त्याचं काही वाटत नाही. पण इंजिन बंद करायचं म्हटलं की मी कारणं शोधते.

डॅडी नाश्त्याला बिस्किटांवर, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतत सहज म्हणाले, "नवं इंजिन बसलंय, डेलिया. एकोणतीसला टल्साच्या ट्रॅकवर जागेवरच चालू करून बघू. तू सीटवर." मी मान हलवली.

१५ मार्च, रविवार
कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून कागदाला सांगते.

डॅडींचा नियम मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे. आधी गोल मुठीची इंधनाची दांडी ओढून बंद करायची. इंजिन नळीतलं उरलंसुरलं अल्कोहोल, म्हणजे आमचं इंधन, पिऊन आपोआप मरतं. मगच ठिणगीचा स्विच. उलट केलं तर ठिणगी जाते, पण इंजिन फिरत असतं, पंप अल्कोहोल ओततच राहतो. तापलेलं इंजिन आणि त्यात हवा कोंबणारा वरचा ब्लोअर, दोन्ही काठोकाठ भरतात. मग एक ठिणगी पुरते.

सप्टेंबरमध्ये मी उलट केलं. मी!

सकाळभर पिकअप चालवली होती, मग रेसची गाडी जागेवरच चालू केली. रॉइस, आमचा मेकॅनिक, ओरडला — "तेल गळतंय! बंद कर!" आणि हात गेला तो स्विचवर, पिकअपची किल्ली फिरवावी तसा. चूक कळली. घाबरून स्विच परत चालू केला. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.

ब्लोअर पट्टे तोडून उडाला. अल्कोहोलची आग दिवसा दिसत नाही, नुसती धग लागते. डॅडींनी मला ओढून काढलं आणि ते परत गाडीकडे वळले, एवढंच आठवतं. त्यांचा उजवा हात त्यात भाजला. दोन बोटं अजून मिटत नाहीत.

१६ मार्च
काल एक गोष्ट लिहायची राहिली. तीच रोज छळते. रेसचा तपासनीस आला तेव्हा दांडी बंद होती! त्यानं लिहिलं — इंधन आधी बंद केलेलं, चालकाची चूक नाही. डॅडी म्हणाले, इंजिनातला व्हॉल्व्ह तुटला. सगळ्यांनी मान्य केलं.

मी दांडीला हात लावला नव्हता. की लावला होता? डोकं फिरायची वेळ आलीय.

२१ मार्च
गॅरेजमध्ये बंद गाडीच्या सीटवर बसून सराव. दांडी, थांब, स्विच. दांडी, थांब, स्विच. अकराव्या वेळी हात आधी स्विचवर गेला. रडू आलं.

रॉइसनं पाहिलं. "काय गं, इंजिनाला घाबरतेस की बापाला?"
"दोघांना."
"मग बरोबर आहे," म्हणाला आणि पाना शोधायला गेला. मेला!

२४ मार्च
डॅडींना सांगायचं ठरवलं. गेले. ते त्या व्हॉल्व्हवाल्याला फोनवर शिव्या घालत होते — सहा महिने झाले, अजून! हातमोजा चढवलेलाच. हल्ली तो काढतच नाहीत, पट्टी सुटल्यापासून तळहात मला एकदाही दाखवलेला नाही. माझ्यामुळे! आणि मी तोंड शिवून बसलेय. सांगितलं तर सीट जाईल. सीट गेली तर जाऊ दे, पण त्यांच्या नजरेतून उतरले तर?

परत आले. भित्री कुठली.

२८ मार्च
टल्साला पोचलो. उद्या. इंजिन चालू असताना डॅडी नेहमी ब्लोअरपाशीच उभे राहतात. माझा हात चुकला तर या वेळी नुसती बोटं जाणार नाहीत.

उद्या सीटवर बसायच्या आधी सांगणार. नक्की.

२९ मार्च, रविवार
सांगितलं नाही. सीटचे पट्टे आवळले गेले, इंजिन चालू झालं. पण डॅडी ब्लोअरपाशी नव्हते, माझ्या शेजारी वाकून उभे होते. इंजिन बंद करायची वेळ झाली तशी त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा तळहात माझ्यासमोर धरला. आडवा, सरळ डाग, टोकाला गोल गाठ. तापलेल्या इंधनाच्या दांडीचा हुबेहूब ठसा.

मी दांडी ओढली. थांबले. इंजिन शांतपणे मेलं. मग स्विच.

"डॅडी, त्या दिवशी मी —"
"व्हॉल्व्ह तुटला होता, पोरी," ते म्हणाले आणि हातमोजा परत चढवला.