नेव्हिलच्या पेटीतला स्वेटर

रॉकहॅम्प्टन,
९ डिसेंबर

त्र्यंबकशास्त्री, मुक्काम मिरज, यांना पृथ्वीच्या पालथ्या अंगावरून अच्युतचा दंडवत (इथून घातलेला थेट तुझ्या तळपायाला लागतो, एवढी एक सोय या देशात आहे). तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझा आवाज हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. आवाजाचं मुद्दाम विचारलं, कारण फोनवर तू 'ठीक आहे' म्हणालास ते मला पटलं नाही. आम्ही दोघं बरे आहोत. उकाडा असा आहे की दुपारी पाल भिंतीवरून गळून पडते आणि तशीच पडून राहते.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. कुमुदवहिनी नवरात्रात गेल्या हे तू अडीच ओळींत लिहिलंस आणि पुढची दोन पानं त्यांच्या कपाटावर खर्च केलीस: सूनबाई सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवणार आहे आणि संक्रांत झाली की ते वृद्धाश्रमाला देणार. उत्तराला मी चारदा बसलो. पाठशाळेत आपण शोकाचे इतके प्रसंग टीकेसकट वाचले, पण त्यातलं एकही वाक्य तुला लिहिण्याच्या लायकीचं निघालं नाही. म्हणून वहिनींबद्दल आज काहीच लिहीत नाही. शेजारच्या सापाबद्दल लिहितो. रागावू नकोस.

आमच्या कुंपणापलीकडे गेल्या महिन्यापर्यंत क्लॅरी हॉबडे राहत होता. वय एकोणऐंशी. जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रंग दिला आणि आता फुफ्फुसं गेली आहेत. प्राणवायूची टाकी चाकांवर घेऊन घरभर हिंडतो. याच्याइतका स्वच्छ माणूस मी आपल्या गुरुजींनंतर पाहिला नाही. हा हातरुमालाला इस्त्री करतो. पायमोज्यालाही करतो (विचारलं तर म्हणाला, 'मग काय चुरगळलेला घालू?'). त्याची बायको मेव्हिस जुलैत गेली आणि मागे एक साप ठेवून गेली. अजगराच्या जातीचा, पण हातभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा, बिनविषारी आणि भयंकर लाजाळू. नाव नेव्हिल. सरकारी परवान्यावर पाळलेला आहे, म्हणजे तुझ्या-माझ्यापेक्षा त्याचे कागद जास्त पक्के आहेत. तीस वर्षं हे सापाचं वेड मेव्हिसचं होतं. क्लॅरीने त्याच्या पेटीला कधी बोटही लावलं नव्हतं.

सप्टेंबरात क्लॅरीला वृद्धांच्या निवासात खोली मिळाली. साप नेता येईल का, असं त्याने विचारलं. तिथल्या व्यवस्थापक प्रुएटबाई भल्या, पण कायद्याने चालणाऱ्या. त्यांनी अट घातली: साप त्यांच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटं क्लॅरीच्या हातावर शांत बसला पाहिजे. बसला तर पेटी खोलीत येईल, नाहीतर सर्पप्रेमींच्या मंडळाकडे जाईल. मुदत सहा आठवडे. क्लॅरी टाकी ओढत आमच्या दारात आला. म्हणाला, 'प्रोफेसर, तू इंडियाचा. तुम्हा लोकांना हे जमतं. पुंगीबिंगी असेल ना तुझ्याकडे?' (मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवतो, पण इथे मी प्रोफेसर.) सापाबद्दल मला नवनागांची नावं येतात आणि जनमेजयाने त्यांचं काय केलं ते येतं, यातलं काहीच सापासमोर बोलण्यासारखं नाही, असं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, बघू या. आमची ही आतून म्हणाली, 'झुरळ दिसलं की मला हाक मारता. जा, अजगराला वळण लावा.'

सरावाचं एक पुस्तक मेव्हिसच्या फडताळात होतं. त्यात लिहिलं होतं की हात वरून घालू नये (वरून येते ती घार), बाजूने घालावा. खाणं दिल्यावर दोन दिवस शिवू नये. आधी दोनच मिनिटं, मग हळूहळू वाढवावं. आणि सापाला आपली ओळख पटावी म्हणून आपला सदरा पेटीत ठेवावा. सगळं आम्ही तंतोतंत पाळलं. क्लॅरीने सदरा ठेवला: गरम पाण्यात धुतलेला, खळ लावलेला, चार घड्यांचा. रोज नवा. सापाला वापरलेला कपडा देणं त्याला असभ्य वाटलं आणि मला तर ते सोवळ्याच्या दृष्टीने योग्यच वाटलं. मी स्वतः आंघोळ करून, चंदनाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन तिकडे जात असे. नेव्हिल त्या सदऱ्यापासून शक्य तितक्या लांब, कोपऱ्यातल्या एका करड्या लोकरीच्या स्वेटरात जाऊन बसे. काढायला गेलं की चावे. (बोराच्या काट्याइतकंच लागतं. पण बोरीच्या झाडाला राग आलेला नसतो.) तीन आठवडे असे गेले. माझ्या हातावर चौदा ठिपके आणि क्लॅरीच्या हातावर तेवीस; त्याची कातडी आता कागदासारखी झाली आहे, रक्त लवकर थांबत नाही. तो ते पुसायचा आणि तो रुमालही धुवायचा.

शेवटी मंडळाच्या ग्लेनिसबाईंना बोलावलं. दंडावर सुसरीचं चित्र गोंदवलेली ही बाई ट्रक चालवते. तिने पेटीतला सदरा उचलला, हुंगला आणि आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मला गुरुजींची आठवण झाली. 'याला काय वाटत असेल सांगू? रोज एक साबणाची वडी येते आणि मला धरू बघते. अहो आजोबा, त्याला तुमचं तोंड कळत नाही, वास कळतो. चार दिवस एकच बनियन घाला. आंघोळ नाही. मग ते ठेवा.' क्लॅरीचा चेहरा सुतकी झाला. मग ती म्हणाली, 'आणि हा स्वेटर काढा. याला दुसऱ्या कुणाचा वास आहे, तोवर साप तुम्हाला हुंगणार नाही.'

'तो तिथेच राहील,' क्लॅरी म्हणाला.

'मग मुदतीत व्हायचं नाही.'

'नाही झालं तर नाही. तो तिथेच राहील.'

ग्लेनिसबाई निघून गेल्यावर त्याने मला सांगितलं, तेही मान वळवून, टाकीची किल्ली पिळत. इस्पितळात जाताना मेव्हिसने अंगातला स्वेटर काढून पेटीत घातला, नेव्हिलने आपल्याला विसरू नये म्हणून. परत आलीच नाही. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात क्लॅरीने, त्याच्या रीतीप्रमाणे, तिचं झाडून सगळं धुतलं: झगे, उश्यांचे अभ्रे, आंघोळीचा पंचा. इस्त्री करून चर्चच्या दुकानात दिलं. आठव्या दिवशी घरात तिचा वास कुठेच राहिला नव्हता. हे काम मी स्वतःच्या हाताने केलं, असं तो दोनदा म्हणाला. पेटी तेवढी राहिली, कारण पेटीत हात घालायची त्याला भीती वाटत होती.

रोज सकाळी तो झाकण उघडून वाकायचा ते मी कुंपणावरून पाहिलं होतं. मला वाटायचं सापाशी बोलतो.

चार दिवस त्याने आंघोळ केली नाही. पंख्याखाली एका बनियनवर बसून राहिला, दार लावून, आणि माझ्याशीही खिडकीतून बोलला. अशा तपश्चर्येने पुराणात इंद्राची आसनं हलली आहेत. पाचव्या दिवशी ते बनियन स्वेटराच्या शेजारी ठेवलं. नवव्या दिवशी नेव्हिलरावांचं अर्धं अंग बनियनवर होतं. सोळाव्या दिवशी ते क्लॅरीच्या मनगटावर चढले आणि तिथेच थबकले. क्लॅरी श्वास धरून बसला, जो त्याच्याकडे मुळातच कमी आहे. मुदतीला दोन दिवस उरले असताना प्रुएटबाई घड्याळ घेऊन आल्या. मांडीवर स्वेटर, स्वेटरावर हात, हातावर साप. दहाच्या जागी तेरा मिनिटं झाली. बाईंनी सही केली. क्लॅरी म्हणाला, 'बघितलंस प्रोफेसर, पुंगीशिवाय.'

गेल्या महिन्यात तो तिकडे गेला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. पेटी खिडकीशी होती, काच लख्ख, आतली जमीन नवी. स्वेटर चौकोनी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेला. निवासाचा नियम आहे की नव्या माणसाबरोबर आलेला प्रत्येक कपडा धुलाईघरात जातो. कुणाचा दोष नाही. कुणीतरी मनापासून काम केलं होतं. क्लॅरीने स्वेटर उचलला आणि गळ्याची पट्टी उलटून मला दाखवली.

'इस्त्री चांगली केलीय,' तो म्हणाला. 'लोकरीला ओलं फडकं वर ठेवून करावी लागते. ठेवलंय त्यांनी.'

नेव्हिल स्वेटराकडे फिरकत नाही. क्लॅरीच्या बाहीत असतो, मनगटाला वेढा घालून, दिवसभर. 'घट्ट धरतो आता,' क्लॅरी म्हणाला. 'पूर्वी इतका धरत नव्हता.' मग आम्ही बराच वेळ क्रिकेट पाहिलं. आवाज बंद होता, तो कुणी सुरू केला नाही.

असो. सापाची हकीकत इथे संपली. प्रकृतीला जप, गोळी वेळेवर घे आणि चिरंजीवांना माझे आशीर्वाद कळव.

तुझा,
अच्युत

ता. क. १ : हिला मी माझा एक सदरा न धुता ठेवायला सांगितलं. 'तुमचे सगळेच तसे आहेत,' म्हणाली.

ता. क. २ : संक्रांतीला अवकाश आहे म्हणून लिहितो. सूनबाई गुणी मुलगी आहे, काम स्वच्छ करते, आणि मला धास्ती नेमकी त्याचीच आहे. कपाटातलं एखादं पातळ, शाल, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं वहिनींचं काही अजून पाण्यात पडलेलं नसेल. हे पत्र बाजूला ठेव आणि आधी उठून बघ. सापडलं तर डब्यात घाल आणि झाकण घट्ट लाव. क्लॅरी दिवसातून एकदाच उघडायचा, एका श्वासापुरतं. संपू नये म्हणून.

ता. क. ३ : घरात कुणी कारण विचारलं तर शास्त्रात सांगितलंय म्हण. आधार मागितलाच तर कळव, अनुष्टुभात बसवून उलट टपाली पाठवतो.