ऑगस्टमधले मार्क

ॲन आर्बर
४ सप्टेंबर २००६

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं मजेत. विनयची पाठ आता बरी आहे, आणि त्याचं कुरकुरणंही.

तू विचारशील त्याआधीच सांगते. देवांगची इथल्या फुटबॉलची पहिली मॅच शनिवारी झाली आणि त्यांचं कॉलेज जिंकलं. गेल्या अख्ख्या सीझनमध्ये दोनच जिंकले होते, त्यामुळे लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. तुझा मुलगा सगळ्यांच्या मागे उभा असतो. पुढची फळी फोडून कुणी बॉल घेऊन आला की धावत जाऊन त्याला आडवा करायचा, हे त्याचं काम. मी दर वेळी डोळे मिटते. विनय म्हणतो, "चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून तू इथे आंधळी कोशिंबीर खेळायला येतेस का?"

काल रविवारी देवांग नेहमीसारखा जेवायला आला. अकरा पोळ्या खाल्ल्या. आकडा त्यानेच अभिमानाने सांगितला.

डोक्याची टेस्टही झाली. गेल्या वर्षी त्याला मार लागल्यावर तू खेळ सोडायला लावणार होतीस, तेव्हा मीच तुला थांबवलं होतं. यंदा मी काम करते त्या, देवांगच्याच कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये ही नवी टेस्ट आली आहे आणि मुलांना कॉम्प्युटरसमोर मीच बसवते. सीझनआधी स्मरणशक्ती मोजून ठेवायची. डोक्याला मार लागला की पुन्हा मोजायची. मार्क घसरले तर खेळ बंद. तेव्हा काळजी करू नकोस. देवांगचे मार्क बरे आले. फार नाही, बरे.

हे फोनवर सांगितलं असतं, पण श्रीरामभावजी स्पीकर लावतात आणि मग मला हवेपाण्याखेरीज काही सुचत नाही.

तुझी,
मृणाल


९ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,

सहापैकी पाच! कॉलेजच्या गावातल्या बेकरीत टीमच्या रंगाचे डोनट निघाले आहेत, दिसायला भयंकर आणि चवीलाही. कोपऱ्यावरचा पोस्टमन मला "देवांगची आंटी" म्हणून हाक मारतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

२३ सप्टेंबरला देवांगची एकाशी जोरात टक्कर झाली. त्याने तुला सांगितलं असेल. सांगितलं ना? सोमवारी मी त्याची पुन्हा टेस्ट घेतली. मार्क ऑगस्टइतकेच आले. ट्रेनर खूष झाला आणि शनिवारी देवांग खेळला. सगळं नियमाप्रमाणे झालं.

काल तो आमच्याकडे येताना वळण चुकला. चार वर्षं येतोय! मी म्हटलं, "काय रे, मावशीचं घर विसरलास?" तर म्हणाला, "चिल, मावशी. फोनवर होतो." हल्ली स्वयंपाकघरात आला की पडदे ओढून घेतो, ऊन डोळ्यांवर येतं म्हणे. पोळ्या चारच. आई-पप्पा शेवटच्या मॅचला कधी येणार, हे त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा सांगितलं. मुलांचं लक्ष असतं का आपल्या बोलण्याकडे.

पत्र वाचून पाहिलं. वरचा परिच्छेद खोडावासा वाटतो आहे. खोडत नाही.

तुझी,
मृणाल


हेल्थ सेंटर, सकाळ
८ नोव्हेंबर २००६

ताई,

तुम्ही शुक्रवारी इकडे यायला निघाल. शनिवारची मॅच जिंकली तर विजेतेपद. खेळ सुरू होण्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे आईवडील त्यांचा हात धरून मैदानात चालत जातात. तू कुठली साडी नेसू म्हणून विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही.

माझी डायरी समोर ठेवून लिहिते आहे, म्हणजे तारखा तरी खऱ्या असतील.

१७ ऑगस्ट, देवांगची पहिली टेस्ट. ज्या मुलाने सातव्या वर्षी तुझ्या वहीतले सगळे फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवले होते, त्याला बारा शब्दांतले चार आठवले. मी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"मुद्दाम चुकलास?"

"मावशी, एव्हरीबडी डझ इट. आत्ताच मार्क कमी ठेवले की नंतर मार लागला तरी सेम दिसतात. मग कोणी बाहेर बसवत नाही."

"आणि मी तुझ्या आईला सांगितलं तर?"

"मग मी संडेला येणार नाही."

तो हसत म्हणाला. मी ते हसण्यावारी नेऊ शकले नाही. कुणालाही काही बोलले नाही. तो एकवीस वर्षांचा आहे, हा त्याचा निर्णय आहे, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशीच्या डायरीतलं शेवटचं वाक्य आज वाचलं: "रविवारी भरली वांगी करावीत." मला रविवार हवे होते, ताई. आमच्या घरात मूल नाही. देवांग येण्याआधी रविवार कसे जात, ते मी तुला कधी लिहिलेलं नाही.

म्हणजे सप्टेंबरात काय झालं ते बघ. ऑगस्टमध्ये नाटक करणारं डोकं आणि आता खरंच मार लागलेलं डोकं, दोघांचे मार्क सारखे आले. खाली मी सही केली. त्यानंतर त्याला आणखी दोनदा लागलं आहे. दुसऱ्या वेळी तो टेस्टला आलाच नाही, आणि मी बोलावलं नाही.

आता गेला रविवार. विनय बाहेर गेला होता. देवांग जेवत होता. घास हातात धरून थांबला आणि म्हणाला, "आई, पप्पा ऑफिसमधून आले नाहीत का गं अजून?"

मला वाटलं चेष्टा करतोय. चेहरा चेष्टेचा नव्हता. तो आमच्या फ्रिजकडे बघत होता, जणू तिथे तुमच्या प्लेनोच्या घराची खिडकी आहे आणि त्यातून ड्राइव्हवे दिसतो आहे.

मी म्हणाले, "येतील हं, बाळा. तू जेव."

मिनिटभराने तो परत मावशी म्हणू लागला. त्याला यातलं काही आठवत नव्हतं. मी विचारलं तर चिडून निघून गेला. पण ते मिनिटभर मी त्याला दुरुस्त केलं नाही. घाबरले होते, हे खरं. तेवढंच खरं नाही.

आज बुधवार. हे पत्र प्लेनोला शनिवारी पोचेल, तेव्हा तुमच्या घराला कुलूप असेल आणि तुम्ही इथे मैदानावर त्याचा हात धरून चालत असाल. हे माहीत असूनच मी फोन सोडून कागद घेऊन बसले का? उत्तर मला आवडलेलं नाही. उठते.

तासाभराने पुन्हा लिहिते आहे. डॉक्टरांना ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला आत्ता घेऊन या," आणि स्वतःच खुर्चीवरून उठले. ट्रेनर देवांगच्या खोलीवर गेला आहे. सकाळच्या क्लासला तो आलेला नव्हता. त्याचा फोन वाजतो, उचलत नाही. प्रॅक्टिस साडेतीनला असते, आत्ता साडेअकरा वाजले आहेत.

आता तुला फोन लावते. तरी हे पत्र टाकणार आहे. फोनवर मी रडेन, तू मलाच धीर देशील, आणि त्या गडबडीत ते एक मिनिट मी गाळीन. ते माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असू दे.

नावाआधी "तुझी" लिहायचं की नाही, ते तू ठरव.

मृणाल