गवती चहा घालून

आई, काल दवाखान्यात तुझी फार आठवण आली, म्हणून आज लिहायला बसलोय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की आमच्या थोरलीला तू फक्त फोटोतली आजी आहेस. आता तिच्या पाठीवर मुलगा झालाय, दीड महिन्याचा आहे. मी अजून फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुळवतो. दहावीनंतर शाळा सुटली, पण तू घोटून घेतलेले ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाहीत. वाढदिवसाच्या बॅनरवरचं 'हार्दिक'सुद्धा मी पुन्हापुन्हा तपासतो.

तू वळसंगकडच्या उपकेंद्रात नर्सबाई होतीस, तेव्हाचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. संध्याकाळी घरी येतेस, डब्यातली कडक भाकरी तोडतेस आणि ओट्याला टेकून नुसतीच चावत उभी राहतेस. छातीत जळजळतंय म्हणतेस. घरी तू चहाला कधी शिवली नाहीस. एके दिवशी मावशी शेंगदाणे भाजत होती. तिनं विचारलं, "सोसत न्हाय तर घरोघरी चहा पितीस कशाला?" तू म्हणालीस, "चहा नको म्हणलं की सासू जाग्यावरनं हलत न्हाय, अन् सासू हलल्याबिगर सून बोलत न्हाय. पाळणा लांबवायचं इचारलं की सासूच सांगती, आमच्या सुनेला हे नगं, ते चालंल. मग मी म्हणते, आत्याबाई, चहा टाका की, गवती चहा घालून. तो असतो मागं न्हाणीच्या पाण्यावर. तोडून, धुऊन, उकळेस्तवर सून सगळं बोलती. अन् ती जे मागती ते सासूला वाटतं त्यापरास येगळंच असतं बघ." मावशी हसून म्हणाली, "म्हंजी तुझी सरकारी नोकरी चहावर चाललीया म्हण की!"

तुझ्या सुनेला, जिला तू पाहिलं नाहीस, या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला. रक्ताची पिशवी घेऊन मी जिना चढलो. तिचा गारवा अजून तळहाताला आहे. तेव्हाच मी मनात पक्कं केलं, आता ऑपरेशन, परत हा धोका नको. बाळंतिणीचं करायला आलेली मावशीही रोज म्हणते, "दोन झाली, करून टाका न् मोकळं व्हा की." तुझ्या सुनेला विचारायचं राहिलंच. खरं सांगायचं तर मला वाटलं, यात विचारायचं काय आहे?

काल दवाखान्यात सिस्टरनी तिला विचारलं, "ताई, पुढचं काय ठरवलंय?" मी म्हणालो, "ऑपरेशन." "काही त्रास होतोय का?" "अशक्तपणा आहे," तेही मीच. "गोळ्या कधी घेतल्या होत्या?" "तिला चालत नाहीत." सिस्टर माझ्याकडे बघून गोड हसल्या. "दादा, एवढी बाटली भरून आणता का? नळ खाली आहे, केसपेपरच्या खिडकीपाशी." बाटली अर्धी भरलेली होती. मी निमूट घेतली. भिंतीवरच्या तक्त्यात 'गर्भनिरोधक'मधला नि दीर्घ काढलाय, ते त्यांना सांगावं की नाही, या काळजीत जिना उतरलो. नळाखाली बाटली धरली आणि एकदम लक्षात आलं. आई, मी सासू झालो होतो! मला गवती चहा तोडायला पाठवलं होतं.

"ओ भाऊ, भरली की बाटली, सांडायलीय," मागचा माणूस ओरडला. मग मी मुद्दाम हळूहळू वर गेलो आणि दाराबाहेर थांबलो. आतून तिचं हसणं ऐकू आलं, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. आत गेलो तर तिच्या हातात तांबीचा नमुना होता. माझ्याकडे सरळ बघून ती म्हणाली, "मला ही बसवायचीय. परत त्या टेबलावर झोपायची माझी आत्ता हिंमत नाही." आई, भीती तिलाही बसली होती, आणि मला ते माहीतच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "सुरुवातीला पाळीत रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, ते मी ताईंना सांगितलंय. आधी हिमोग्लोबिन बघू. नको वाटली तर कधीही या, काढून देऊ. आणि दादा, तुम्हाला ऑपरेशनची एवढी घाई असेल, तर पुरुषांचंही असतं बरं का." ती पुन्हा हसली. मी 'रक्त जास्त' या शब्दांपाशीच अडकलो होतो. 'नको' अगदी ओठांवर आलं होतं. बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी प्यायलो.

घरी आलो तर मावशी दारातच. "काय ठरलं गं?" तिनं तुझ्या सुनेला विचारलं. माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हणालो, "मावशी, तुम्ही दोघी बसा. मी चहा टाकतो, गवती चहा घालून." कुंडीतली पाती तोडली, धुतली, उकळायला ठेवली.

या पत्रासाठी पाकीट आणलेलं नाही, वर पत्ता काय घालणार? पण एक तुला सांगून टाकतो. चहा उकळायला लागला तेव्हा मी गॅस अगदी बारीक केला. बाहेर ती काय बोलतेय, ते नीट ऐकू यावं म्हणून.